कडेची रेघ

सिनेमाच्या रिळाची ही पट्टी नीट बघा. मधल्या चित्रांच्या चौकटी सोडा, कडेला ती बारीक नागमोडी रेघ दिसतीय ना, ते गाणं आहे. पिक्चर दाखवायच्या मशीनमधला छोटा बल्ब तिच्यावर उजेड टाकतो, रेघ जाड-बारीक होईल तसा पलीकडं पोचणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्याचाच आवाज बनतो. सोलापुरातल्या या टॉकीजमधे, मशीनच्या केबिनमधे काकांची सगळी नोकरी झाली, ते म्हणतात, "गाणं आलं की रेघंवरच कळायचं की वो."

१९२७ ला अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' हा बोलता-गाता सिनेमा आला तेव्हा त्याचा आवाज पट्टीवर नव्हताच, वेगळ्या तबकडीवर होता, पट्टी तुटून जोडली की पडदा एकीकडं आणि गाणं दुसरीकडं. तरी लोक वेडे झाले, तीन वर्षांच्या आतच 'द ब्रॉडवे मेलडी' या संगीतपटानं बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मारलं. आपल्याकडं १४ मार्च १९३१ ला मुंबईत आपला पहिला बोलपट 'आलम आरा', सात गाणी, आणि पुढच्याच वर्षी 'इंद्रसभा' आला त्यात तर सत्तरच्या आसपास! आपल्याला त्यात नवल वाटलं नाही, कारण कीर्तन, तमाशा, संगीत नाटक, गाण्यातनं गोष्ट ऐकायची सवय आधीचीच. सुरुवातीला नट कॅमेऱ्यासमोर खरंच गायचे, साजिंदे चौकटीच्या बाहेर बसून वाजवायचे, १९३५ ला कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं गाणं आधी रेकॉर्ड करून घेतलं आणि मग गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा.

इजिप्तमधे गायिका उम्म कुलसुम १९३६ ला पडद्यावर गायली, फ्रान्सनं १९६४ ला अख्खा सिनेमाच गाण्यात केला, एक वाक्य साधं बोललेलं नाही. आणि इथं सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू पिक्चर लागायचा, घरी कन्नड-मराठी बोलणारी पोरंही तेच गाणं गुणगुणत बाहेर पडायची, अर्थ कोण विचारतंय. २०१६ ला 'सैराट' आला, नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे, 'झिंगाट'ला माणसं खुर्च्या सोडून पडद्याखाली नाचली, मोबाईलवर हे होत नाही, मोठा पडदा आणि शेजारी अनोळखी माणूस लागतोच.

पण 'सैराट'च्या आधीच रिळं यायची थांबली होती, डिजिटल आलं होतं. टॉकीजही बंद पडली.

काका आता रीळ हातानं फिरवतायत. बल्ब नाही, आवाज नाही. बोट कडेवर ठेवलंय, म्हणतात, "हितं बगा, मुखडा परत आला."