बंद टोकाचा कालवा कसा सांभाळावा

दक्षिण फ्लोरिडात पाण्याकाठचं घर घेताना लोक धक्का बघतात, बोटीची लिफ्ट बघतात, समुद्रापर्यंत जाताना वाटेत किती पूल लागतात ते विचारतात. आपला कालवा खाडीपासून किती आत जातो आणि त्याचं बंद टोक कुठे आहे, हे फार थोडे विचारतात. वास, शेवाळ, मेलेले मासे, गाळ यांतलं काहीही आधी दिसतं ते या बंद टोकाला. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

हे कालवे पाणी वाहून नेण्यासाठी खणलेलेच नाहीत. दलदल आणि खारफुटीच्या जागेवर घरं बांधायची, तर जमीन उंच करायला भराव हवा. तो शेजारीच खणून काढला आणि मागे जो खड्डा उरला त्याला कालवा म्हटलं. फोर्ट लॉडरडेलला हे १९२० च्या दशकात सुरू झालं. केप कोरलची जमीन रोझन बंधू या विकासकांनी १९५७ मध्ये घेतली, आणि आज त्या एका शहरात ४०० मैलांहून अधिक कालवे आहेत. फ्लोरिडा कीज या दक्षिणेकडच्या बेटांच्या रांगेत तर चुनखडीचा खडक फोडून भराव काढला. १९७० च्या दशकात पर्यावरणाचे कायदे आले आणि असं खोदकाम जवळपास थांबलं. पण तोवर भराव जितका हवा तितकं खोल खणून झालं होतं, त्यामुळे कीजमधले काही कालवे २० फूट किंवा त्याहूनही खोल आहेत.

आता खोल पाणी म्हणजे चांगलं पाणी असं सगळ्यांना वाटतं. हिशेब करून बघा. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी १ फूट बदलते असं धरा. कालवा ६ फूट खोल असेल तर एका ओहोटीत साधारण सहावा हिस्सा पाणी बाहेर जातं. तोच कालवा २० फूट असेल तर फक्त विसावा. शिवाय बाहेर गेलेलं पाणी तोंडाशीच घुटमळतं आणि पुढच्या भरतीला त्यातलंच बरंचसं परत आत येतं. बंद टोकाचं पाणी नुसतं वर-खाली होतं, जागा सोडत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी मंदावते तेव्हा तर विचारूच नका.

त्यात आपली हवा गरम. ३० अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात प्राणवायू विरघळून विरघळून लिटरला सहा मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. पाणी गार असेल तर बराच जास्त. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायूची साठवणच कमी, आणि गाळातले जिवाणू तो संपवतात मात्र जास्त वेगानं. पाऊस पडला की गोडं पाणी हलकं असल्यानं वर तरंगतं, खारं खाली राहतं, आणि वरची हवा तळाला पोचत नाही. तळाशी प्राणवायू संपला की जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. हे बहुधा पहाटे दिसतं, कारण रात्रभर शेवाळ प्राणवायू घेत असतं, देत नाही. दुपारी दोनला मोजमाप करून पाणी उत्तम आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणजे पहिलं काम मोजण्याचं. सोसायटीनं प्राणवायू आणि क्षारता मोजणारं एक मीटर घ्यावं. सूर्योदयापूर्वी तीन जागी मोजावं: तोंडाशी, मध्यावर, बंद टोकाला. प्रत्येक जागी पृष्ठभागाखाली एक फूट, मध्यखोली आणि तळापासून एक फूट वर. पाण्याची पारदर्शकता बघायला सेकी तबकडी पुरते: २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोर भागांची, मोजपट्टीच्या दोरीला बांधलेली. ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची. केप कोरलमध्ये कॅनालवॉच नावाखाली रहिवासी स्वतः नमुने घेतात. फ्लोरिडा विद्यापीठाचं लेकवॉच १९८६ पासून असंच स्वयंसेवकांवर चालतं. एका वर्षाचे आकडे हातात असले की कंत्राटदाराशी बोलणं सोपं जातं.

कंत्राटदार पहिल्या भेटीत गाळ काढायचा सल्ला देतो. त्याचं पोट त्यावर आहे. पण गाळ येतो कुठून, ते आधी बघा.

कीजमध्ये आणि अटलांटिकच्या बाजूला त्याचं उत्तर बहुधा तरंगणारं गवत हे असतं: समुद्रातलं तुटलेलं सागरी गवत आणि सारगॅसम नावाचं तरंगतं शेवाळ. इथला नेहमीचा वारा पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतो. ज्या कालव्याचं तोंड त्या दिशेला, तो हे गवत गिळत राहतो. ते बंद टोकाला जमतं, कुजतं, बुडतं, आणि तळाला काळा चिखल होतो. अशा जागी तोंडाशी हवेचा पडदा बसवतात. तळावर आडवा, भोकं पाडलेला, वजनानं बसवलेला पाइप आणि काठावर आवाज कोंडणाऱ्या पेटीत ब्लोअर. बुडबुडे वर येताना पाणी वर ओढतात, पृष्ठभागावर बाहेरच्या दिशेनं प्रवाह तयार होतो आणि गवत तोंडाबाहेर राहतं. बोट त्यावरून सहज जाते.

हा पडदा बिघडतो तो ठरावीक कारणांनी. पाइप समपातळीत नसेल तर सगळी हवा उंच भागातून निघून जाते आणि सखल भागात खिंड पडते. गवत नेमकं तिथून घुसतं. भोकांवर काकईसारखे चिकटे जीव बसतात, म्हणून पाणबुड्याकडून दर काही महिन्यांनी पाइप घासून घ्यावा लागतो. कुणी नांगर टाकून पाइप ओढतं. आणि वादळात वीज जाते, जेव्हा गवत सर्वांत जास्त येतं तेव्हाच. आठवड्यातून एकदा शांत पाण्यात बुडबुड्यांची रेघ काठापासून काठापर्यंत अखंड आहे का ते पाहणं, एवढी तपासणी कुणीही करू शकतो. विजेचं बिल कोण भरणार हे पाइप टाकायच्या आधी कागदावर ठरवा. बंद पडलेले पडदे मी म्हणेन यंत्रापेक्षा या भांडणानं जास्त बंद पडतात.

केप कोरलच्या गोड्या पाण्याच्या कालव्यांत गवताची जात वेगळी. पुण्यात मुळा-मुठेवर पसरते तीच जलपर्णी, शिवाय हायड्रिला, पाण्याखाली वाढणारी वनस्पती, जी मूळची आशियातली आहे, भारतातल्या तळ्यांत असतेच. जलपर्णी अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. थोडी असताना हातानं, दाताळ्यानं काढा आणि काठापासून दूर वाळत टाका; काठावरच ढीग केला तर त्याचा रस पुन्हा पाण्यात उतरतो. हायड्रिला मात्र कापू नका. तिचा प्रत्येक तुकडा रुजतो आणि गाळातले तिचे कंद वर्षानुवर्षं टिकतात. तिच्यासाठी गवत्या, म्हणजे ग्रास कार्प सोडतात, पण वांझ केलेलाच, राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाच्या परवान्यानं, आणि कालव्याच्या तोंडाला जाळी असेल तरच. गवत्या जलपर्णी फारशी खात नाही, हेही लक्षात ठेवा.

तणनाशकाची फवारणी परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि करारात एक अट घाला: एका वेळी कालव्याचा तिसरा हिस्सा, मग दोन आठवडे थांबणं. अख्खा कालवा एकदम फवारला तर मेलेली वनस्पती एकदम कुजते, प्राणवायू संपत येतो आणि मासे मरतात. मग लोक औषधाला विषारी म्हणतात. डायक्वॉट हे तणनाशक गढूळ पाण्यात निकामी होतं, मातीच्या कणांना चिकटून बसतं. पावसानंतर दुसऱ्या दिवशी डायक्वॉट मारणारा माणूस तुमचे पैसे पाण्यात ओततोय. निळ्या-हिरव्या शेवाळावर तांब्याचं औषध मारण्याची घाईही नको: पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात मोकळं होतं. २०१८ च्या उन्हाळ्यात कलूसाहॅची नदीतून आलेलं असं शेवाळ केप कोरलच्या बंद टोकांना जाड थरानं साचलं होतं. तशा वेळी लोकांना आणि कुत्र्यांना पाण्यापासून लांब ठेवणं आणि कारंजी बंद करणं, कारण तुषारांतून ते श्वासात जातं.

खताचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही. केप कोरलच्या ली काउंटीसह (काउंटी म्हणजे जिल्हा) अनेक ठिकाणी १ जून ते ३० सप्टेंबर नायट्रोजन-फॉस्फरसयुक्त खत लॉनला घालायला बंदी आहे. बाकीच्या महिन्यांतही काठापासून १० फूट पट्टा खताविना ठेवा. कापलेलं गवत माळ्यानं ब्लोअरनं कालव्यात ढकलू नये, हे त्याच्या मालकाशी लेखी ठरवा. जलतरण तलावाचं क्लोरीनचं किंवा मिठाचं पाणी कालव्यात सोडू नका. आणि सांडपाण्याची नळी फुटली, जशी फोर्ट लॉडरडेलमध्ये २०१९ च्या डिसेंबरपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत वारंवार फुटून २० कोटी गॅलनहून जास्त मैला वाहून गेला, तर नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. १०० मिलिलिटर पाण्यात एन्टेरोकॉकाय जिवाणू ७० च्या वर असतील तोवर पाण्यात उतरू नये.

येणारं थांबलं, की मग तळाकडे वळा. हवा सोडणारी यंत्रं, म्हणजे तळाशी ठेवलेल्या चकत्यांतून बारीक बुडबुडे सोडणारी, चांगली असतात. पण ती पहिल्या दिवशी चोवीस तास चालवली तर तळाचं प्राणवायूविरहित, सल्फाइडचं पाणी एकदम वर येतं आणि जे मासे वाचवायचे तेच मरतात. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, असं रोज दुप्पट करत आठवड्यात पूर्णवेळ करा. सुरुवात उन्हाळ्यात करू नका.

गाळ उपसायचाच असेल तर आकारमान आधी काढा. ६० फूट रुंद, १,००० फूट लांब कालव्यात दोन फूट गाळ म्हणजे १,२०,००० घनफूट, सुमारे ४,४५० घनयार्ड. तो बहुतांश पाणीच असतो. पंपानं ओढून, त्यात गुठळ्या बांधणारं पॉलिमर मिसळून, कापडी नळ्यांमध्ये निथळायला ठेवतात. तिसरा हिस्सा उरला असं धरलं तरी १५ घनयार्डांचे शंभरएक ट्रक भरतात. ते ट्रक कुठून जाणार, निथळणाऱ्या नळ्या कुठल्या रिकाम्या प्लॉटवर ठेवणार, निथळलेलं पाणी कुठे सोडणार: निविदेतला निम्मा खर्च या प्रश्नांत लपलेला असतो. गाळाची आर्सेनिक आणि तांब्यासाठी तपासणी करूनच तो कुठे टाकायचा ते ठरतं. कामाच्या भोवती गढूळपणा अडवणारा पडदा लागतो. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गढूळपणा २९ एनटीयूहून (गढूळपणा मोजायचं एकक) जास्त वाढता कामा नये, ही राज्याची मर्यादा आहे. त्या पडद्याच्या दोऱ्यांत मॅनटी, म्हणजे समुद्रगाय, अडकणार नाही अशी बांधणी हवी आणि मॅनटी जवळ दिसला की यंत्र थांबवायचं.

खोली किती ठेवायची? पूर्वीच्या परवान्यात खोली नोंदलेली नसेल, तर देखभालीच्या सवलतीखाली सरासरी ओहोटीच्या पातळीखाली ५ फुटांपर्यंतच उपसता येतं. हा नियम लोकांना कंजूष वाटतो. मला तो शहाणा वाटतो. कीज ज्यात येतात त्या मन्रो काउंटीनं तर काही खोल कालव्यांत उलटं केलं, वाळू-खडी भरून तळ वर आणला, म्हणजे सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो आणि प्रत्येक ओहोटीत जास्त हिस्सा बदलतो. दोन बंद टोकं मोरीनं जोडणं हाही उपाय आहे, पण दोन्ही टोकांना भरतीची वेळ किंवा पातळी वेगळी असेल तरच मोरीतून पाणी वाहील. नसेल तर ती नुसती कोरडी उठाठेव. मोरीला मॅनटी आत जाऊ नये म्हणून गज लागतात, आणि त्या गजांना गवत अडकतं, म्हणजे तिथेही साफसफाई आलीच.

काठाला खारफुटी असेल तर ती तोडू नका. १९९६ च्या कायद्यानुसार काठाची १० फुटांपर्यंतची झाडं घरमालक ६ फुटांपर्यंत छाटू शकतो, त्याखाली नाही. पण बहुतेक घरांना काँक्रीटची भिंत आहे, आणि गाळ काढणाऱ्यानं सगळ्यात जास्त नुकसान करायची जागा तीच. भिंतीचा पाया पुढच्या मातीच्या आधारावर उभा असतो. भिंतीला लागून खणलं की तो आधार जातो आणि भिंत खालून पुढे सरकते. म्हणून भिंतीलगतचा पट्टा अस्पर्श ठेवायचा; किती रुंद, ते अभियंत्याकडून लेखी घ्या.

दुसरं, भिंतीतली पाझरभोकं. पाऊस पडला, भरती येऊन गेली, मागची माती पाण्यानं फुगलेली आणि पुढचं पाणी उतरलेलं, तेव्हा सगळा दाब भिंतीवर येतो. तो सोडायची वाट ही भोकं. दर सहा महिन्यांनी पूर्ण ओहोटीला बोटीतून जाऊन काठीनं ती मोकळी करा. भोकातून स्वच्छ पाणी यावं. रेती येत असेल तर मागचं गाळणीचं कापड फाटलंय. बाहेरून सिमेंट भरून ते बुजवण्याऐवजी मागून उकरून खडी आणि नवं कापड घाला. लॉनमध्ये भिंतीलगत पडणारे खड्डे मातीनं बुजवत राहणारे लोक दरवर्षी तीच माती कालव्यात घालत असतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळात वाऱ्यानं शार्लट हार्बर या खाडीचं पाणी आधी बाहेर ओढून नेलं. पंटा गोर्डा आणि केप कोरलमध्ये भिंतींसमोरचं पाणी गेलं, मागची माती भिजलेलीच राहिली, आणि भिंती पुढे कोसळल्या. म्हणून वादळाचा इशारा मिळाला की पाझरभोकं तपासा, भिंतीजवळचे तुंबलेले पन्हाळे मोकळे करा, बोट लिफ्टवरून भिंतीच्या कड्यांना ताणून बांधू नका. वादळानंतर पाणी विलक्षण खाली गेलेलं दिसलं, तर भिंतीपासून निदान भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात गाडी, जनरेटर किंवा फांद्यांचा ढीग ठेवू नका, आणि पातळी नेहमीवर येईपर्यंत मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.