तुसाची राख, चिपाडाची राख आणि सिमेंटचं पोतं

हे बघा, माझ्या तळहातावर दोन चिमटी राख आहे. एक काळीकुट्ट, साखर कारखान्याच्या बॉयलरमधली, नीट बघितलं तर चिपाडाचे अर्धवट जळालेले धागे अजून दिसतात. दुसरी करडी-पांढरी, बेळगावच्या खानापूरकडच्या भाताच्या तुसाची, चोळली की बोटाला खरखर लागते. ती खरखर म्हणजे सिलिका, वाळूत असते तीच. आमची आजी ह्याच राखेनं पितळेची भांडी लख्ख घासायची, सिलिका हा शब्द तिनं कधी ऐकला नसेल पण राखेचा गुण तिला बरोबर ठाऊक होता.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं चिकोडी, अथणी, रायबाग, गळीत हंगाम सुरू झाला की रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. 100 टन ऊस गाळला की साधारण 28 ते 30 टन चिपाड निघतं, ते बॉयलरला जातं, वाफ होते, वीज होते आणि मागं राहते राख, जी वाऱ्यानं उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर पण येऊन बसते. तुसाची गोष्ट त्याहून भारी, 100 किलो तूस जाळलं तर 20 किलोच्या आसपास राख, आणि नीट जळालेल्या राखेत 85-90 टक्के सिलिका. एवढा माल ओढ्याकाठी ओतलेला बघितला की जीव तुटतो हो.

कारण ही राख थोड्या सिमेंटच्या जागी वापरता येते, आणि सिमेंट बनवायला चुनखडी जवळजवळ 1450 डिग्रीला भाजावी लागते, कोळसा जळतो तो वेगळाच, खुद्द त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगात माणसामुळं जेवढा सुटतो त्यातला 7-8 टक्के एकट्या सिमेंटचा.

आता राख काय करते? सिमेंटला पाणी लागलं की ते घट्ट होताना थोडा चुना मोकळा सुटतो, त्याचा ताकदीला तसा काही उपयोग नाही. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि सिमेंटमध्ये असतो तसाच चिकटा आणखी तयार करते. जुन्या वाड्यांना चुना-सुरखी चुन्याच्या घाण्यात मळून वापरायचे, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, तिथं पण हेच घडायचं.

पण थांबा, लगेच घमेलं घेऊन राखेच्या ढिगाकडं जाऊ नका. आमच्याच गोठ्याच्या कोब्यात आम्ही कारखान्याची राख तशीच, न चाळता न दळता, अंदाजानं घातली होती. गवंडी सांगत होता की माल पाणी लई पितोय, आम्ही ऐकलं नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोबा खुरानं उकरायला लागला. काळी राख म्हणजे न जळालेला कार्बन, तो पाणी ओढतो, मग वरून पाणी वाढवायचं आणि ताकद घालवायची. आणि उलट, 700 डिग्रीच्या लई वर बराच वेळ जळाली तर सिलिकाचे स्फटिक होतात, मग ती चुन्याला दाद देत नाही. म्हणजे सगळं जळण्यावर आहे, आणि नंतर बारीक दळण्यावर.

आपल्या आयएस 456 ह्या काँक्रीटच्या 2000 सालच्या मानकात तुसाच्या राखेचं नाव आहे, त्यामुळं इंजिनिअरशी बोलताना बिचकायचं कारण नाही. 10-15 टक्के सिमेंटच्या जागी राख, इथनं सुरुवात करा, स्लॅबला नको, आधी पेव्हर, कट्टा, कंपाउंडचे ब्लॉक. आणि पाणी मारायला कंटाळू नका, राखेचा माल सावकाश ताकद धरतो.

हा 150 मिलिमीटरचा ठोकळा, 10 टक्के तुसाची राख घातलेला. शेजारचा बिनराखेचा. दोन्हीवर मार्करनं तारीख घातलीय, आता टाकीत सोडतोय, 28 दिवसांनी मशीनखाली दाबून बघायचे.