नवरदेव उना! 'बहारों फूल बरसाओ' या गाण्याची खान्देशी गोष्ट

(पडद्यावर : मे महिन्यातली दुपार. गल्लीभर मांडव. घोडीच्या पायातली घुंगरं.)

अमळनेर तालुक्यातलं एक गाव. पत्रिकेत टाळी लागायची, म्हणजे लग्न लागायची, वेळ बारा पस्तीसची छापलीय आणि आता दीड वाजलाय. वरात अजून मारुतीच्या पारापाशीच आहे. पोरं घामानं निथळतायत, बँडच्या गाडीवरचा गायक एकामागून एक अहिराणी गाणी म्हणतोय आणि कुणी त्याला थांबू देत नाहीय. शेवटी नवरीचा मामा पुढे होतो, घोडीचा लगाम धरतो आणि वरात कशीबशी मांडवाच्या दाराशी आणतो.

गायक माईक खाली ठेवतो. गाडीच्या मागून पायी चालत आलेले सत्तरीतले बँडमास्तर पुढे येतात आणि क्लॅरोनेट ओठाला लावतात. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत गर्दीतून आरोळी उठते, "नवरदेव उना! नवरदेव उना!"

गाणं आहे 'बहारों फूल बरसाओ'.

मास्तर एक शब्दही गात नाहीत, क्लॅरोनेटला शब्द नसतातच. तरी मांडवातल्या प्रत्येक माणसाला ते ऐकू येतात. हिंदीत जे प्रियकर वसंताला विनवून विनवून सांगतो, ते आमच्या अहिराणीत एका शब्दात मावतं. उना. आला.

(पडद्यावर : जुना रेडिओ, त्याची पिवळी काच.)

हे गाणं 1966 सालच्या 'सूरज' या चित्रपटातलं. दिग्दर्शक टी. प्रकाश राव, पडद्यावर राजेंद्रकुमार आणि वैजयंतीमाला, आवाज मोहम्मद रफी यांचा. संगीत शंकर-जयकिशन यांचं. यातले जयकिशन मूळचे वांसद्याचे. आपल्या नवापूरच्या पलीकडे डांगचं जंगल ओलांडलं की लागतं ते वांसदा. शब्द हसरत जयपुरींचे, आणि हे हसरत एकेकाळी मुंबईत बस कंडक्टर होते. तिकिटं फाडणाऱ्या माणसाच्या मनात कुठला वसंत फुलला असेल, याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्या काळी गाणं घरात यायचं ते रेडिओ सिलोनवरून. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज लागला की ज्याच्या ओट्यावर रेडिओ, त्याच्याकडे अर्धी गल्ली जमायची. सायानींच्या याच कार्यक्रमाच्या, म्हणजे बिनाका गीतमालेच्या, 1966 च्या वार्षिक यादीत हे गाणं पहिलं आलं. पुढच्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कारांत गायक, गीतकार आणि संगीतकार असे तिन्ही मान याच गाण्याच्या आसपास गेले. समोर सचिनदेव बर्मन यांचं संगीत असलेला 'गाइड' होता. संगीताचा मान खरा कुणाचा, हा रसिकांचा वाद आजही मिटलेला नाही आणि माझं स्वतःचं मतही 'गाइड'च्याच बाजूला पडतं. पण 'गाइड'मधलं कुठलं गाणं नवरदेवाला घोडीवरून उतरवून घेऊ शकलं असतं, ते काही मला सांगता येत नाही.

गाण्याचे शब्द नीट ऐका. चित्रपटात हा लग्नाचा प्रसंग नाही. नायक प्रेयसीचं स्वागत करतोय, एवढंच. पण तो फुलांच्या लालीला सांगतो, हिच्या हातांवर मेंदी लाव. घटेला सांगतो, डोळ्यांत काजळ घाल. ताऱ्यांना सांगतो, भांग भरा. पुढे तर प्रकाशाची चादरच ताणायला सांगतो. मेंदी, काजळ, भांग आणि डोक्यावर ताणलेली चादर, म्हणजे मांडवच झाला की! हसरतनी लग्न लिहिलं नव्हतं, पण लग्नघराला त्यात आपलं घर दिसलं.

आणि सूर? राग शिवरंजनी. सा, रे, कोमल गंधार (म्हणजे नेहमीच्या 'ग'पेक्षा थोडा खालचा), प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. पाचच सूर, पण त्यातला तो कोमल गंधार काळजाला हात घालतो. याच शंकर-जयकिशननी चार वर्षांनी, 1970 साली, 'मेरा नाम जोकर'मध्ये याच रागात 'जाने कहाँ गए वो दिन' बांधलं. एका रागात आगमनही आणि निघून गेलेले दिवसही. म्हणूनच मांडवाच्या दारात ही धून वाजते तेव्हा वरमाय हसत असते आणि नवरीची आई पदरानं डोळे टिपत असते. दोघी एकच गाणं ऐकत असतात.

(पडद्यावर : क्लॅरोनेटच्या छिद्रांवर फिरणारी बोटं. अगदी जवळून.)

हा कोमल गंधार बँडमध्ये वाजवायचा कसा, हे मास्तरांनी आम्हाला दाखवलं. ट्रंपेटला तीन कळा. दाबली की सूर बदलतो, पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं तिथे अवघड. क्लॅरोनेटवर मात्र बोट छिद्रावरून हळूहळू, तिरकं सरकवायचं आणि त्याच वेळी ओठ थोडा सैल सोडायचा. मग रिषभावरून, म्हणजे 'रे'वरून, गंधारावर जाताना सूर वळतो, थेट रफींसारखा. तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, सारखी ओली ठेवावी लागते. जळगाव-भुसावळकडचं उन्हाळ्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन म्हणजे ती दोन मिनिटांत कोरडी. त्यातून उन्हात वाजा चढतो, सूर वर जातो. मग चालता चालता नळीचा जोड केसभर बाहेर ओढायचा आणि सूर पुन्हा खाली आणायचा. हे सगळं घोडीच्या पुढे, धुळीत, चार तास.

मास्तरांना विचारलं, 'सूरज' कुठे पाहिलात? ते म्हणाले, "पिच्चर मी दखा नही भाऊ. वराताच दख्यात." उस्तादांनी तोंडी शिकवलं आणि त्यांनी वहीत सारेगम लिहून घेतलं. ती वही अजून आहे. पानांच्या कडा तेलकट, मध्ये 'बहारो' एवढंच नाव आणि खाली कोमल गंधारांच्या पायाशी आडव्या रेघा.

या गाण्याची इतर रूपंही आहेत. खुद्द रफींनी शंकर-जयकिशनच्या याच चालीवर इंग्रजी गाणं गायलं. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे. आपण वेगवेगळ्या देशांचे असलो तरी पृथ्वी, आभाळ, सूर्य एकच, असा त्याचा भाव. चाल तीच, पण प्रेयसीच्या जागी सगळं जग आलं. 2013 साली, हिंदी चित्रपटाच्या शंभरीनिमित्त, ब्रिटनच्या बीबीसी एशियन नेटवर्कच्या श्रोत्यांनी सर्वोत्तम हिंदी गाणं म्हणून याच गाण्याला पहिला क्रमांक दिला. तिकडे सातासमुद्रापार राहणाऱ्यांनाही लग्न म्हटलं की हेच आठवलं असणार.

आता डीजेचं रूपही निघालंय, ढोलाच्या ठेक्यावर पळणारं. मला ते पटत नाही. गंधारावर क्षणभर टेकायला जागाच उरत नाही.

पण सगळ्यांत मोठा बदल केला तो आमच्या बँडवाल्यांनी. चित्रपटात पुरुष गातो, ती येते. इथे येतो तो! सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या पांढऱ्या घोडीवर बसून, डोक्याला बाशिंग बांधून. आणि गाणं वाजतं ते मांडवाच्या बाजूनं, आत पाटावर बसलेल्या नवरीच्या वतीनं. शब्द वगळले, नुसती धून ठेवली आणि गाणं नवरीचं होऊन गेलं. ती मान खाली घालून बसलेली असते, तिला बोलायची मुभा नसते, तेव्हा तिच्या वाटचं बोलतं ते क्लॅरोनेट. बँडची सुपारी कितीची, कुठल्या बँडच्या गाडीवर किती दिवे, ते सगळं लोक विसरतात. क्लॅरोनेटचं हे बोलणं विसरत नाहीत.

(पडद्यावर : मांडवाचं दार. हातात आरतीचं ताट.)

गाडीवर कॅसिओ वाजवणारा पोरगा जेमतेम वीस वर्षांचा. अख्ख्या वरातीत त्याचं बोट थांबलेलं नाही. पण मांडवाचं दार आलं तसा त्यानं आपणहून आवाज खाली केला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी रीड जिभेनं ओली केली.

नवरीची आई ताट घेऊन पुढे आली. नवरदेवानं रिकिबीतून पाय काढला.

आतून, पडद्याआडून, बांगड्या वाजल्या.