कटरचं ब्लेड बदलताना पाना कुठे ठेवायचा?

[टेबलावर सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल ब्लेडची विजेवरची करवत, आडवं ठेवलेलं. त्याच्या वायरीची पिन शेजारीच, कॅमेऱ्यासमोर.]

नमस्कार मंडळी. आधी ही पिन बघून ठेवा. माझा हात ब्लेडजवळ आहे तोवर ती इथेच, तुमच्या डोळ्यांसमोर राहणार.

काही वर्षांपूर्वी एका फ्लॅटमध्ये वॉर्डरोबचं काम चालू होतं. हातात चार इंची कटर, प्लाय अर्धा कापून झालेला, आणि लाइट गेली. मला वाटलं, बरं झालं, ब्लेड बोथट झालंच आहे, तेवढ्यात बदलून घेऊ. पिन बोर्डात तशीच होती. त्या कटरचं बटण पुढे सरकवलं की अडकून राहणारं, आणि ते पुढेच राहिलं होतं. बोल्टवर पाना चढवला आणि लाइट आली. पाना हातातून सुटला, समोरच्या भिंतीचं प्लास्टर उडवून खाली पडला. माझा अंगठा ब्लेडपासून चार बोटं लांब होता, म्हणून आज तो जागेवर आहे.

म्हणून सांगतो, लाइट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं नाही. बोर्डावरचं बटण बंद केलं तरी भागत नाही, कारण साइटवर दुसरा कुणीतरी येऊन ते चालू करतो. त्याला काय माहीत तुम्ही काय करताय. पिन बाहेर काढायची, आणि ती आपल्याला दिसेल अशी ठेवायची. बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. घाईत राहून जातं, खरी अडचण ती आहे. त्यावर मी एक उपाय केला, आणि आजच्या व्हिडिओत एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

[जवळून: वायरीचं पिनेकडचं टोक.]

हा ब्लेडचा पाना. मी तो वायरीला बांधलाय, मशीनकडच्या टोकाला नाही, पिनेकडच्या. पिनेपासून वीतभर अंतरावर, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. ब्लेड बदलायचं तर पाना लागतो, पाना हवा तर बोर्डापाशी जावं लागतं, आणि पिन काढल्याशिवाय तो मशीनपर्यंत पोचतच नाही. लक्षात ठेवायचं काही उरत नाही. आणि "अरे, पाना कुठे गेला" म्हणून भुश्यात शोधाशोध होते ना, तिथेच बदलायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ जातो. तोही वाचला.

आता बोल्ट. सगळ्यात जास्त झटापट इथे होते. कुणी पान्यावर हातोडीने ठोकतो, कुणी पाइप घालून लटकतो, आणि बऱ्याचदा तो बोल्ट उलट्या दिशेने आवळतच असतो. नियम सोपा आहे. ब्लेड ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने पाना फिरवला की बोल्ट सुटतो. गार्डवर, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणावर, बाण छापलेला असतो, तो बघा. असं का? मशीन चालू होतं तेव्हा स्पिंडल, म्हणजे ब्लेड बसतं तो दांडा, झटक्यात पुढे जातो आणि बोल्ट मागे राहू पाहतो. म्हणजे आटे असे ठेवलेत की तो मागे राहिला की आणखी घट्ट व्हावा. म्हणूनच ब्लेड उजव्या बाजूला असलेल्या सॉचा बोल्ट नेहमीसारखा सुटतो, आणि डाव्या बाजूला असलेल्याचे आटे उलटे असतात. बसवतानाही जीव खाऊन आवळू नका, पाना हाताने दाबून घट्ट झाला की पुरे.

खोलताना हे लॉकचं बटण दाबून धरायचं. ब्लेड हळूच फिरवा, खटका बसेल. फिरत्या ब्लेडवर हे बटण कधीच दाबायचं नाही, लॉकची आतली पिन तुटते. छोट्या कटरला बटण नसेल तर दोन पाने लागतात, एक फ्लॅन्जला, म्हणजे ब्लेडला बाजूने दाबून धरणाऱ्या चकतीला, एक बोल्टला. हातमोजा फक्त आत्ता, ब्लेड धरताना. कापताना तो काढा, फिरत्या ब्लेडमध्ये कापड अडकलं तर हातासकट ओढलं जातं.

[जवळून: फ्लॅन्जच्या आतल्या बाजूला चिकटलेला भुसा.]

हे बघा. भुसा आणि प्लायचा डिंक मिळून झालेला हा थर. नखाने काढतोय, निघत नाही. हा राहिला की ब्लेड सरळ बसत नाही, डुगडुगतं, काप जाड येतो, सनमायकाचे टवके उडतात, आणि आपण शिव्या देतो ब्लेडला. जुन्या बनियनच्या फडक्याने दोन्ही फ्लॅन्ज पुसा. अर्धा मिनिट लागतो.

नवीन ब्लेडचं मधलं भोक आपल्या स्पिंडलला बसतं का बघा. 25.4 मिलिमीटरचं भोक 20 च्या स्पिंडलवर चढवायचं तर बरोबर मापाची रिंग हवी. कागदाची घडी, पत्र्याचा तुकडा, असलं काही नको. ब्लेडवर जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, छापलेले असतात, ते मशीनपेक्षा जास्तच हवेत. सात इंची सॉ साधारण 5 ते 6 हजारांवर फिरतं, चार इंची मार्बल कटर 12-13 हजारांवर. दुप्पट! त्यात मार्बल कटरला आपोआप मिटणारा खालचा गार्ड नसतो. त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून आपल्याकडे सर्रास काम चालतं, मीही वर्षानुवर्षं केलं. आता करत नाही, आणि तुम्हीही सोडा असं मनापासून सांगतो. अँगल ग्राइंडरला तर लाकडाचं ब्लेड लावूच नका.

दात पुढच्या बाजूला वर बघतात. छापील बाजू कुठे आली ते बघू नका, बाणाला बाण जुळवा. दात खालून वर येतात, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची.

आता जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या पात्याची करवत, तिचं थोडक्यात. 1946 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनमध्ये सुईच्या जागी करवतीची पाती बसवून पाहिली, त्यातून हे यंत्र आलं. जुन्या जिगसॉमध्ये पातं अजून सुईसारखंच स्क्रूने आवळतात. नव्यात टी आकाराच्या टोकाचं पातं, खटका ओढा, आत सरकवा, सोडा. पाठीमागच्या रोलरच्या खाचेत ते बसलंय ना, बघा, आणि खाली ओढून खात्री करा. काढताना तोंड पायाकडे नको, पातं तापलेलं असतं आणि टपकन बाहेर पडतं.

परत या मशीनकडे. पाना काढला. ब्लेड हाताने एक फेरी फिरवलं, कुठे घासत नाही. खालचा गार्ड मागे ओढून सोडला, स्वतःहून मिटला. बाजूला उभा राहतो, ब्लेडच्या रेषेत नाही.

आता पिन लावतो. अर्धा मिनिट मोकळं चालवू या, आवाज ऐका.