आधी कान, मग रूळ

(बेळगावात छंदप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की लोक पहिला प्रश्न जागेचा विचारतात, दुसरा पैशाचा. तिसरा घरच्यांचा असतो, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आवाजाचं मात्र सहसा कुणी विचारत नाही. लेआउट पुरा होतो, डोंगर रंगवून होतात, स्टेशनात दिवे लागतात, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की एखादं वाजणारं इंजिन आणू या. इंजिन येतं. दोन दिवस घरभर शिट्ट्या होतात. तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून गाडी नुसतीच गोल फिरायला लागते. बऱ्याच घरांत हेच होतं, म्हणून आज मी उलट टोकाकडून सुरुवात करणार आहे. वाफेचं वाजणारं इंजिन चालवायचं असेल तर लेआउटचा आराखडाच कानाने करा. चढ कुठे द्यायचा, स्टेशन किती लांब ठेवायचं, इंजिनं किती घ्यायची, हे सगळं आवाजाला ठरवू द्या.

वाफेच्या इंजिनाचा ठोका येतो कुठून? सिलिंडरात काम संपवलेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून घेते. प्रत्येक वेळी एक 'भक्'. सिलिंडर दोन, आणि प्रत्येकात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणून मोठ्या चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवर, सवारी गाडीला वायपी आणि मालगाडीला वायजी ही दोन इंजिनं सगळीकडे असायची. वायपीचं मोठं चाक १३७२ मिमी व्यासाचं, वायजीचं १२१९ मिमी. आता हिशोब करा. वायपी ताशी २५ किमीने चालली तर सेकंदाला साडेसहाच्या आसपास ठोके पडतात. वायजी घाटात ताशी १५ ने रांगली तर सव्वाचार. कानाला हे ठोके सुटे ऐकू येतात. त्यांत मजा आहे.

आता हेच १:८७ च्या मापात, म्हणजे एचओ मध्ये बघा. ताशी २५ किमी म्हणजे टेबलावर सेकंदाला फक्त ८ सेंमी. तीन मीटर जायला गाडीला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागायला हवं. आपण काय करतो? कंट्रोलरचा कान पिळतो आणि गाडी सेकंदाला ३० सेंमीने सोडतो. तो वेग होतो ताशी ९४ किमी! त्या वेगाला सेकंदाला २४ ठोके पडतील, म्हणजे ठोके राहतच नाहीत, नुसती घरघर होते. आवाज दोन दिवसांत कंटाळवाणा होतो तो याच कारणाने. दोष इंजिनाचा नसतो, वेगाचा असतो. म्हणून गोल फिरणारी लांबलचक लाइन नको. हळू येणं, थांबणं, पाणी घेणं, शंटिंग करणं, पुन्हा सुटणं यांना जागा पाहिजे. उभं राहिलेलं इंजिनच खरं तर जास्त बोलतं. इंजेक्टरची सुरसुर, ब्लोअर, मध्येच उडालेला सेफ्टी व्हॉल्व्ह, फावड्याचा खरखराट. हे ऐकायला गाडी उभी राहायला हवी.

हे सगळं करतो डिकोडर, म्हणजे इंजिनात बसवलेलं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत कायम १५ व्होल्टच्या आसपास वीज असते आणि त्याच विजेतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम जातो. मूळ काम जर्मनीतल्या लेन्झ कंपनीचं, पुढे अमेरिकेतल्या एनएमआरए संघटनेने त्याचं मानक केलं, त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसरीच्या कंट्रोलरवर चालतो. आवाजाच्या डिकोडरमध्ये ईएसयू, साउंडट्रॅक्स, झिमो ही नावं तुम्हाला दुकानात ऐकू येतील. मोटार फिरताना जी उलटी वीज तयार होते ती मोजून डिकोडरला ओझं कळतं. चढ लागला, मोटार अडखळायला लागली, की ठोका जड होतो. उतार लागला की ठोका जवळजवळ विरतो आणि दांड्यांची खळखळ उरते. ही सोय बऱ्याच जणांनी बंदच ठेवलेली असते, किंवा तिची सीव्ही मूल्यं (डिकोडरमध्ये भरायचे आकडे) कधी बघितलेलीच नसतात. सीव्ही ३ आणि ४ सुद्धा तशीच: सुटायला आणि थांबायला किती वेळ घ्यायचा ते त्यांत असतं. कारखान्याचे आकडे फार चपळ असतात. दोन्ही वाढवा. गाडी थांबवायची तर हात आधीच मागे घ्यावा लागेल, आणि मग ड्रायव्हरकी काय असते ते कळायला लागेल.

आमच्याकडे एकदा एक निवृत्त फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, आले होते. हयात मीटरगेजवर गेलेली. मी दोन डब्यांची गाडी सपाट लाइनवर मोठ्या आवाजात सोडली, त्यांना आवडेल म्हणून. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "सपाटीला एवढं भकभक कशाला करायलास? कोळसा जाळायलास नुसता. रेग्युलेटर मिटव की!" रेग्युलेटर म्हणजे वाफेची चावी. मग त्यांनीच मला दाखवलं. सुटताना चार-सहा ठोके दणकून, मग हळूहळू आखडते, आणि स्टेशन दिसायच्या आधीच बंद. डिकोडरच्या शंभर पानांच्या पुस्तकात हे एवढ्या सरळ सांगितलेलं नाही. मिरज, लोंढा, हुबळी या बाजूला असे लोक अजून आहेत. त्यांना घरी बोलवा, चहा पाजा आणि कंट्रोलर त्यांच्या हातात द्या.

आवाज कुठला भरायचा हेही महत्त्वाचं. तयार इंजिनांत बहुतेक वेळा अमेरिकन आवाज असतो: चालताना घंटा आणि उभं असताना हवेच्या पंपाची धडधड. आपल्या मीटरगेजच्या वाफेच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक होता. तिथे पंप नाही, वाफेच्या जोराने हवा ओढून काढणाऱ्या इजेक्टरची सतत फुसफुस असते. म्हणून दोन सिलिंडरांच्या ब्रिटिश इंजिनाचा आवाज घेऊन त्याची शिट्टी बदलणं जास्त जवळ जातं. निलगिरीच्या इंजिनाची ध्वनिफीत सहज मिळते म्हणून तीच भरण्याचा मोह होतो, पण ते दात्यांच्या रुळावरचं चार सिलिंडरांचं इंजिन आहे, त्याचा ठोका वेगळा. जाणत्या कानाला लगेच खटकतं.

मापाचा घोळ थोडक्यात सांगतो. १:८७ ला मीटरगेजचे रूळ साडेअकरा मिमी अंतरावर यायला हवेत. युरोपातल्या मीटरगेजसाठी मिळणारा १२ मिमीचा ट्रॅक त्याला पुरेसा जवळचा आहे. साधा १६.५ मिमीचा एचओ ट्रॅक घेतलात तर तो आपल्या मीटरगेजला फार रुंद आणि ब्रॉडगेजला अरुंद, कारण १६७६ मिमीचे १:८७ ला १९ हून जास्त होतात. कुणी चालवून घेतं, मी भांडत नाही. इंजिन मात्र परदेशी यांत्रिक सांगाड्यावर स्वतःची बॉडी चढवूनच करावं लागतं. इथे बेळगावकरांची चंगळ आहे. वायपीचं चाक १:८७ ला १५.८ मिमी होतं, वायजीचं १४. उद्यमबागेत लेथवर हायड्रॉलिकचे भाग करणाऱ्या माणसाला हे चाक म्हणजे जेवणाच्या सुट्टीतलं काम. फक्त कडेची फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी उंच कड) समोर बसून करून घ्या. तो मायक्रॉनमध्ये विचार करतो, आपल्याला रुळावरून न घसरण्याशी मतलब.

आता देखाव्याकडे येतो. इथल्या प्रत्येकाला दूधसागर करायचा असतो. करू नका. कॅसलरॉक ते कुळे हा घाट २६ किमीचा, म्हणजे १:८७ ला ३०० मीटर. तुमच्याकडे खोली आहे तीन मीटरची. धबधबा रेझिनचा करता येतो, पण त्यापुढून गाडी तीन सेकंदांत निघून जाते आणि आवाजाला काही काम मिळत नाही. त्यापेक्षा वरचं कॅसलरॉक स्टेशन करा. पोर्तुगीज राजवटीत हद्द तिथे होती, जकात तिथे होती, आणि घाट चढून आलेली गाडी तिथे दम खाते. काळ ठरवून घ्या, म्हणजे टेंडरवर (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर) कुठल्या रेल्वेचं नाव लिहायचं ते ठरेल: हुबळी विभाग २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण रेल्वेतून नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला.

खालचं कुळे दाखवूच नका. टेबलाखाली लपलेलं यार्ड तेच कुळे. तिथून १:३७ चा चढ बोगद्यातून वर आणा; हा त्या घाटाचाच चढ आहे, मीटरला २.७ सेंमी. बोगद्याची लांबी दीड मीटर ठेवा. ताशी १५ च्या वेगाने गाडी त्यात अर्धा मिनिट असते. त्या अर्ध्या मिनिटात काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आधी घुमणारा दबका ठोका, मग तो जवळ येतो, मग शिट्टी, मग दिवा. पाहुणे बोलायचे थांबतात ते इथे. बोगद्याच्या आतून थर्माकोल लावू नका, तो पोकळ वाजतो. जाड फोम लावा. आणि एका बाजूने हात आत जाईल एवढी खिडकी ठेवा, कारण गाडी पडणार ती आतच.

या चढाला टेबलावरचं इंजिनही चार-पाच डब्यांपुढे जागच्या जागी चाकं फिरवायला लागतं. म्हणून बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लागतो, खरोखर लागतो, शोभेला नाही. पुढे वायपी, मागे वायजी. नियम असा की पुढचा ड्रायव्हर तयार झाला की एक आखूड शिट्टी देतो, मागचा तशीच एक देऊन पोच देतो, मग दोघं रेग्युलेटर उघडतात. दोन कंट्रोलर, दोन माणसं. एकाच कंट्रोलरवर दोन्ही इंजिनं जोडून चालवता येतात, पण मग गंमत काय राहिली? दोघांचे वेग आधी सारखे करून घ्या, वेगाच्या सीव्ही बदलून. ठोके मात्र जुळवायला जाऊ नका. चाकांचे व्यास वेगळे, त्यामुळे ठोके जुळतात, सुटतात, परत जुळतात. घाटात दोन इंजिनं अशीच ऐकू यायची. मधल्या डब्यांत वजन घाला, नाहीतर वळणावर बँकर त्यांना ढकलून बाहेर काढेल.

स्पीकरबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्याची मागची बाजू हवाबंद डबीत पाहिजे. पुढचा आणि मागचा आवाज एकत्र आला की एकमेकांना खाऊन टाकतो. उघडा स्पीकर म्हणजे भांडं फुटलेला डग्गा. टेंडरमध्ये कोळशाखाली जागा असते तिथे ११ × १५ मिमीचा छोटा स्पीकर डबीसह बसतो. डबीच्या तारांची भोकंसुद्धा बंद करा. रूळ कॉर्कवर टाका. खडी चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल वापरला की तो वाळून दगड होतो आणि सगळं प्लायवुड मोटारीबरोबर गुणगुणायला लागतं. रबराचा लवचीक गोंद वापरा. खडीचा रंग म्हणाल तर खानापूरची तांबडी माती चाळून वर भुरभुरा, जंगलातल्या स्टेशनाला तीच शोभते.

आपला पाऊस हा या छंदाचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर प्लाय फुगतो, रुळांवर पुटं चढतात, आणि वीज तुटली की आवाज तुटतो. नुसती गाडी क्षणभर अडखळली तर डोळ्याला कळत नाही, पण आवाज तुटून इंजिन पुन्हा पहिल्यापासून 'चालू' व्हायला लागलं की फार केविलवाणं वाटतं. म्हणून डिकोडरला क्षणभराची वीज साठवणारा कपॅसिटर जोडा, सांध्याचं (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागेचं) मधलं नाक विजेचं जिवंत ठेवा, टेबलाखालून घरगुती दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची जोड-तार फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी तार खाली सोडा. मग रुळांवर जागोजागी रुपयाचं नाणं आडवं ठेवून बघा. बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारा डबा, लगेच बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तिथली तार बारीक आहे, आणि एखाद्या दिवशी नाण्याऐवजी इंजिन तापेल. सफाईला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापड. सॅंडपेपर नको, त्याच्या चरांत मळ पुन्हा लवकर भरतो.

राहिला आवाज किती मोठा ठेवायचा तो. टेबलापासून दीड मीटरवर उभे असाल तर मापाने तुम्ही इंजिनापासून १३० मीटर लांब आहात. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपासून तेवढं लांब उभं राहून गाडी कशी ऐकू येते ते आठवा, तेवढाच ठेवा. कारखान्यातून आवाज पूर्ण येतो. मी तो निम्म्याच्याही खाली आणतो. शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. आणि एका वेळी वाजणारी इंजिनं तीनच: दोन घाटात, एक शेडमध्ये उभं. बाकीची कितीही सुंदर असली तरी मुकी ठेवा.

नव्या माणसाने आधी एकच इंजिन घ्यावं, आवाजाचं, आणि दोन मीटरची सरळ फळी. टोकाला एक सांधा, एक पाण्याचा खांब. तेवढ्यावर हळू चालवायला शिकावं, मग लाकूड कापावं. बाहेरून मागवताना सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच हिशोब करा, छापील किमतीवर जाऊ नका.

मागच्या टेबलावर तीच फळी मांडली आहे, वायजी उभी आहे. पाच-पाच जण या, कंट्रोलर हातात घ्या. शिट्टीचं बटण सगळे आधी दाबतात, ते शेवटी दाबा.