एकाची सही, साऱ्या घराण्याची कुंडली

श्रोतेहो, नमस्कार.

खासगीपणाचा विषय निघाला की बोलणं हटकून फोनपाशी जातं. फोन आपलं बोलणं ऐकतो का, एखादं अ‍ॅप आपला ठावठिकाणा कुणाला कळवतं का. प्रश्न खरे आहेत, पण त्यांवर निदान उपाय तरी आहेत. पासवर्ड बदलता येतो, खातं बंद करता येतं, अगदीच झालं तर फोन वापरणं सोडता येतं. आज ज्या माहितीबद्दल बोलायचंय ती बदलता येत नाही, आणि मुळात ती एकट्या आपली नसतेच. ती म्हणजे आपला डीएनए.

डीएनएची चाचणी आता घरबसल्या होते. कंपनी एक छोटी नळी पाठवते. तिच्यात थुंकायचं, झाकण लावायचं आणि परत धाडायचं. काही आठवड्यांत कळतं, की आपले पूर्वज साधारण कुठल्या प्रदेशातले, अमुक आजाराचा धोका किती, आणि त्याच कंपनीकडे नमुना दिलेले आपले दूरचे नातेवाईक कोण. याचं कुतूहल वाटणारच, मलाही वाटतं. सोबत एक लांबलचक संमतीपत्र असतं. ते सोप्या भाषेत हवं, मोठ्या अक्षरात हवं, असं सगळे म्हणतात. हवंच. पण माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. ते पत्र शब्द न् शब्द वाचून, नीट समजून सही केली तरी ती पुरी पडत नाही. सही एकाची, माहिती अनेकांची.

आई-वडिलांकडून प्रत्येकाला निम्मा निम्मा डीएनए येतो. सख्खी भावंडं सरासरी पन्नास टक्के वारसा वाटून घेतात. चुलत, आते, मामे, मावस भावंडं साडेबारा टक्क्यांच्या आसपास. खापरपणजोबा एकच असलेल्या भावंडांत हा वाटा एका टक्क्यालाही पोचत नाही. लग्नकार्यातसुद्धा ओळख न पटावी, असं हे नातं. पण माणूस शोधून काढायला तेवढं पुरतं.

कसं, ते २०१८ साली कॅलिफोर्नियात दिसलं. तिथे १९७० आणि ८०च्या दशकांत खून आणि बलात्कारांची एक मोठी मालिका झाली होती आणि गुन्हेगार सापडला नव्हता. पोलिसांकडे त्याचा डीएनए होता, नाव नव्हतं. त्यांनी तो ‘जेडमॅच’ या संकेतस्थळाला पुरवला. वंशावळीचा नाद असलेले लोक तिथे आपापली जनुकीय माहिती हौसेनं ठेवत. काही दूरचे नातेवाईक जुळले, त्यांच्या वंशावळी मांडल्या गेल्या, वय आणि ठिकाण पाहून एकेक नाव गळत गेलं आणि उरला जोसेफ डीअँजेलो, एके काळचा पोलीस. पुढे त्यानं गुन्हे कबूल केले. तो पकडला गेला याचा आनंद कुणालाही होईल. मात्र ज्यांच्या नमुन्यांवरून तो सापडला, त्यांना हे काम कुणी विचारून दिलेलं नव्हतं. आणि हीच वाट गुन्हेगारापर्यंत जाते तशी साक्षीदारापर्यंत, पत्रकारापर्यंत, कुणापर्यंतही जाते.

त्याच वर्षी यानिव एर्लिच आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हिशेब मांडला. एखाद्या लोकसमूहातल्या फक्त दोन टक्के लोकांचा डीएनए साठ्यात असला, तर त्या समूहातल्या जवळजवळ प्रत्येकाचा, खापरपणजोबा एक असलेला तरी, कुणी ना कुणी नातेवाईक त्यात सापडतो. म्हणजे मी नळीला हातही लावला नाही तरी माझ्यापर्यंतचा रस्ता तयार.

चोरांनाही हे कळलेलं आहे. २०२३ मध्ये ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ या कंपनीच्या सुमारे चौदा हजार खात्यांत दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून चोर शिरले. कंपनीनं नातेवाईक जोडून देण्याची सोय केलेली होती. तिच्यातून त्यांच्या हाती लागली सुमारे ६९ लाख लोकांची माहिती. चौदा हजारांची दारं उघडली आणि ६९ लाख उघडे पडले! मार्च २०२५ मध्ये याच कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांचा साठा कुणाच्या हाती जाणार, असा प्रश्न उभा राहिला. अखेर तो संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेकडे गेला. तसं झालं नसतं तर?

सही न करणाऱ्याचं कुणी ऐकलंच नाही, असंही नाही. आइसलँडनं १९९८ साली कायदा करून देशभरच्या आरोग्यनोंदींचा एक साठा उभारायचं ठरवलं. मृतांच्या नोंदीही त्यात येणार होत्या. एका मुलीनं वारलेल्या वडिलांची माहिती द्यायला हरकत घेतली. ती फेटाळली गेली, तेव्हा ती न्यायालयात गेली. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की वडिलांच्या नोंदींवरून मुलीच्या आनुवंशिक गुणांचा अंदाज बांधता येतो. म्हणून हरकत घेण्याचा हक्क तिचा स्वतःचा आहे. तो साठा पुढे उभा राहिलाच नाही.

मग काय, चाचणीआधी सगळ्या भाऊबंदांच्या सह्या गोळा करायच्या? नाही. आजारी माणसाला उपचारासाठी चाचणी हवी असेल, तर चुलतभावाला विचारत बसायचं कारण नाही. सामाईक जमीन कसायला कुणाची हरकत नसते, ती पुरती विकायची तेव्हा सगळ्यांच्या सह्या लागतात. डॉक्टरांसाठी केलेली चाचणी हे कसणं, आणि जनुकीय माहिती साठ्यात टाकणं, ती कंपनीबरोबर दुसऱ्याच्या हाती जाणं, हे विकणं. कंपनीचा मालक बदलला की संमती नव्यानं घ्यावी, पोलिसांना असा शोध फक्त गंभीर गुन्ह्यात आणि न्यायालयाच्या परवानगीनंच घेता यावा, एवढं तरी कायद्यात यायला हवं, असं मला वाटतं.

कायद्याच्या पलीकडचा एक भाग आहे आणि तो मला जास्त अवघड वाटतो. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार घ्या. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, आणि पूर्ण बरा करणारा इलाज आजही नाही. त्यामुळे पुष्कळ जण ठरवून चाचणी करत नाहीत. आता आजोबांना हा आजार होता, वडिलांनी चाचणी टाळली, आणि नातवानं करून घेतली. त्याच्यात दोष सापडला, तर वडिलांचाही निकाल त्याच क्षणी लागला, त्यांना तो नको असताना. म्हणून अशा कुटुंबातला तरुण आला, की जनुकीय समुपदेशक नमुना घेण्याआधी त्याच्याशी बोलतात: घरी कुणाला सांगणार, वडिलांना कळू द्यायचं का, त्यांनी विचारलंच तर काय म्हणणार? घरपोच येणाऱ्या नळीसोबत हे विचारणारं कुणी येत नाही.

नमस्कार.