वाईट वर्षाचे पाणी

मित्रहो, नागपूरला निमकोरडे शहर म्हटले तर हवामानाचे जाणकार हरकत घेतील आणि ती रास्तच असेल, कारण आपल्याकडे वर्षाला सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की उघड्या जलाशयाची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने रोज आठ-दहा मिलिमीटर उतरते. त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी उद्भव, म्हणजे पाणी घेण्याचा मूळ स्रोत, कोणता निवडावा, हा लातूर-सोलापूरचा प्रश्न आपलाही आहे.

माझे म्हणणे असे की, उद्भवाची परीक्षा सरासरी वर्षात घेऊच नये. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, जुलै अर्धा सरला तरी धरणात आवक नाही, अशा वर्षी तो किती पाणी देतो, एवढेच पाहावे.

आपला इतिहास या दृष्टीने बोलका आहे. आधी अंबाझरी, मग गोरेवाडा हे तलाव, मग कन्हान आणि शेवटी पेंच या नद्या. शहर वाढले तसे आपण लांब जात राहिलो, आणि प्रत्येक वेळी मागचा उद्भव थोडा विसरलो. पेंचचे पाणी तोतलाडोह धरणात साठते, नवेगाव खैरीहून शहराकडे येते, आणि त्याची प्रत सहसा चांगली असते. उद्भव म्हणून त्यात खोट काढणे कठीण आहे. अडचण एवढीच की, नदी मध्य प्रदेशातून येते, वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाले आहे, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा तो तिथेही ओढ देतो. २०१९च्या जुलैत नागपूरला दिवसाआड नळ आले, ते याच गणितामुळे. मोठे धरण म्हणजे खात्रीचे पाणी, हा आपला समज त्या महिन्यात उघडा पडला. लातूरने तीन वर्षे आधी, २०१६मध्ये, मिरजेहून रेल्वेने पाणी आणले होते. त्यांचाही मुख्य भरवसा एकाच, मांजरा धरणावर होता.

मग भूजल? शहराचा पश्चिम भाग काळ्या बेसाल्टवर आहे, पूर्वेला जुने स्फटिकमय खडक आहेत. दोन्ही कठीण, पाणी मावते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणजे ज्या वर्षी पाऊस नाही, त्या वर्षी बोअरही दम तोडते. शिवाय गळक्या गटारांच्या शहरात नायट्रेटची मर्यादा, लिटरला ४५ मिलिग्रॅम, ओलांडली जाण्याचे भय असतेच. जुन्या सार्वजनिक विहिरी उपसून स्वच्छ ठेवाव्यात, पण बागा, धुणे आणि बांधकाम यांच्यासाठी.

समुद्राचे पाणी गोड करा, असेही कुणीतरी दर वेळी सुचवते. समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून हजार लिटर गोडे पाणी मिळवायला तीन-चार युनिट वीज लागते, आणि समुद्रसपाटीपासून ३०० मीटरवर असलेल्या नागपुरात ते नुसते चढवायला आणखी एक युनिटहून अधिक. सातशे किलोमीटर नळातले घर्षण वेगळेच. तो विषय इथेच सोडू.

छताचे पाणी मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. शंभर चौरस मीटर छतावर हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर. वीस टक्के वाया गेले तरी ऐंशी हजार. पाच माणसांना पिण्या-रांधण्यासाठी रोज २५ लिटर धरले, तर वर्षाला नऊ-साडेनऊ हजार लिटर पुरतात. अर्ध्या पावसाच्या वर्षीही हा हिशोब बसतो. अडते ते टाकीला जागा आणि पहिल्या सरीचे मळके पाणी बाहेर सोडण्याची शिस्त यांवर.

पण दुष्काळातही फारसे न घटणारे पाणी एकच, ते म्हणजे आपले स्वतःचे सांडपाणी. भांडेवाडीला प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची व्यवस्था या शहराने केली, ती मला आपल्या पाण्याच्या कारभारातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. वीजकेंद्राने जेवढे सांडपाणी घेतले, तेवढे पेंचचे पाणी धरणातच राहिले. कुणाला ते प्यावे लागले नाही, आणि पिण्याचे पाणी मात्र वाढले. नामिबियातले विंडहुक शहर १९६८पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळते. आपल्याला तिथवर जायची घाई नाही. उद्योग, बागा, बांधकामे यांच्याकडून अशी अदलाबदल आधी पूर्ण व्हावी, आणि सोबत नळांची गळती शोधावी, कारण नव्या धरणापेक्षा ते पाणी लवकर हाती येते.

सांडपाण्याचे नाव काढले की सभागृहात नाके मुरडली जातात, हे मला ठाऊक आहे. पण नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचा जलाशय आहे. आपण जे न शुद्ध करता सोडतो, ते त्या काठच्या गावांच्या उद्भवात आजही पोहोचते.